दाखवण्याच्या आधी आणि नंतर



छायाचित्रकारांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. माझी सुरुवात स्थिरचित्रणात झाली, पुढे मी सिनेमाच्या कॅमेऱ्यामागे उभी राहिले, आणि आज आपल्या सर्वांप्रमाणे माझेही बरेचसे काम लोक पहिल्यांदा मोबाइलवर पाहतात. फोटो, सिनेमा आणि समाजमाध्यमे ही तीन वेगळी दालने आता उरलेली नाहीत. लग्नाचा फोटो काढणारा तरुण त्याच दिवशी रील बनवतो, चित्रपटाचा कॅमेरामन पोस्टरसाठी फोटो काढतो, आणि दोघांचेही काम शेवटी एकाच हातभर अंतरावरच्या पडद्यावर येते. म्हणून मी तिन्हींबद्दल एकत्रच बोलणार आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. चित्र दाखवणे हे क्षणाचे काम आहे. आपल्या व्यवसायाचे मोल त्या क्षणाच्या आधी आणि नंतर आपण जे करतो त्यात असते. आधी म्हणजे कशासमोर उभे राहायचे, कोणाला विचारायचे, शेकडो चौकटींतून कोणती ठेवायची हे ठरवणे. नंतर म्हणजे त्या चित्रावर नाव, गाव, तारीख लिहिणे, ते जपणे, आणि कोणी विचारले तर त्याबद्दल उत्तर द्यायला उभे राहणे. समाजमाध्यमांनी दाखवणे इतके सोपे केले की आधीचे आणि नंतरचे काम आपल्या हातून सुटत चालले आहे. ते आपण पुन्हा हाती घेतले पाहिजे.

पूर्वसूरींचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यक सांभाळून छायाचित्रण करत होते. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी, म्हणजे आपल्या सावेदादांनी, हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. सावेदादांचा मूळ व्यवसाय छायाचित्रणाचा. दादासाहेब फाळके यांनीही गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता आणि पुरातत्त्व खात्यात काम केले होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता कॅमेरा स्वतःच घडवला. आपल्याकडचा सिनेमा फोटोग्राफरांच्या आणि चित्रकारांच्या हातून जन्मला, हे आपल्या व्यवसायाने अभिमानाने सांगावे.

फाळक्यांच्या एका कामाची आठवण मला आज मुद्दाम करून द्यायची आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, पण त्याआधी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या वाढीचा छोटा चित्रपट केला. कुंडीत दाणा पेरला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत ठरावीक अंतराने एक-एक चौकट टिपत राहिले. आज मोबाइलमध्ये ज्याला आपण टाइमलॅप्स म्हणतो, तेच हे काम. पाहणाऱ्याला ते काही क्षणांत दिसले, करणाऱ्याने मात्र त्यासाठी कितीतरी दिवस रोज त्या कुंडीपाशी हजेरी लावली. सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडायला शिकल्या, रसायने कालवायला शिकल्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतवण्याचे काम त्यांनी केले आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. त्यांचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. दाखवण्याआधीचे श्रम आणि त्या श्रमांची नोंद, या दोन्ही गोष्टी तिथून आजपर्यंत आपल्यापुढे आहेत.

समाजमाध्यमांवर टीका करणे आज सोपे आहे. त्यांनी आपल्याला जे दिले ते आधी प्रांजळपणे मान्य करू. पूर्वी आपले काम कोणाच्या नजरेला पडायचे तर मुंबई-पुण्याचे कलादालन लागे, मासिकाचा संपादक लागे, नाहीतर ओळख लागे. आज गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाने काढलेला फोटो त्याच्या नावाने जगभर जाऊ शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले, तेव्हा कुठल्या वस्तीत पाणी किती चढले आहे हे कितीतरी ठिकाणांहून आधी फोनमधल्या चित्रांतून कळले. ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, ज्यांच्याकडे इतरांनीच कॅमेरा रोखलेला होता, त्या माणसांनी स्वतःचे घर, स्वतःचा सण, स्वतःचे दुःख स्वतः टिपायला सुरुवात केली. आपल्या व्यवसायाच्या इतिहासात एवढा मोठा बदल दुसरा झालेला नाही. तो स्वागतार्हच आहे.

आता निवडीबद्दल. छत्तीसच्या रोलवर शिकलेली पिढी या सभागृहात आहे. रोलला पैसे पडत, धुवायला पैसे पडत, प्रिंटला पैसे पडत. त्यामुळे बटण दाबण्याआधी डोळ्यांनी शंभर वेळा फोटो काढून पाहायची सवय लागे. नंतर काँटॅक्ट शीटवर भिंग ठेवून एका चौकटीभोवती लाल पेन्सिलीने खूण करायची आणि बाकीच्या पस्तीस सोडून द्यायच्या. ती लाल खूण म्हणजे छायाचित्रकाराची सही होती. आज एका लग्नात हजारो फ्रेम निघतात. त्यांतल्या गाळायच्या कोणत्या हे पाहायला वेळ नसतो, घरच्यांना त्याच रात्री स्टेटसला फोटो हवे असतात, म्हणून सगळेच्या सगळे ढिगाने पाठवले जातात आणि निवड करण्याचे काम आपण गिऱ्हाइकावर टाकतो. ढीग देणाऱ्याची मजुरी दरवर्षी उतरत जाणार, कारण ढीग कोणीही देऊ शकतो. कुठल्या क्षणी मुलीच्या बापाचा चेहरा बदलला हे ओळखून ती एक चौकट बाजूला काढणे, हे मात्र कोणालाही जमत नाही. आपण त्याचेच पैसे घेतो, हे आपल्यालाच आधी पटायला हवे.

मला तरुणांना आवर्जून सांगायचे आहे: काढणे आणि टाकणे यांच्यात अंतर ठेवा. बातमीचा फोटो तातडीने जायलाच हवा, तिथे थांबता येत नाही. पण तुमचे स्वतःचे काम एक रात्र बाजूला ठेवा. फिल्मच्या काळात हे अंतर रसायने आपल्यावर लादत होती, आता ते आपणच राखावे लागेल. काढतानाचा उत्साह दुसऱ्या दिवशी ओसरलेला असतो आणि फोटोत जे आहे तेवढेच दिसू लागते. एखाद्या चित्राला किती लाइक पडले हे पाहून पुढचे चित्र काढायला लागलो, की आपली नजर हळूहळू गर्दीच्या सरासरीवर जाऊन बसते. गौतम राजाध्यक्षांनी काढलेली व्यक्तिचित्रे आजही ओळखू येतात, कारण प्रकाशाबद्दल आणि माणसाच्या चेहऱ्याबद्दल त्यांचा एक निश्चित आग्रह होता. तो आग्रह दुसऱ्याच्या पसंतीच्या आकड्यांतून येत नाही.

दुसरा मुद्दा चौकटीचा. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले आणि २०१५ पर्यंत तिथे चित्र चौरसच टाकावे लागे. पुढे रील आले आणि चौकट उभी झाली. चौरसात वाईट काही नाही, रोलीफ्लेक्स आणि हॅसलब्लाडवर थोर काम झाले आहे. उभ्या चौकटीतही एकटा माणूस, झाड, जिना, पावसात उभी असलेली बाई हे विषय सुंदर बसतात. मात्र रोलीफ्लेक्स-हॅसलब्लाडचा तो चौरस त्या छायाचित्रकारांनी स्वतः निवडलेला होता. आजचा आकार फोन धरण्याच्या सवयीने ठरवला आहे, आणि आकार ठरला की आशयाचाही काही भाग ठरून जातो.

‘फँड्री’ या चित्रपटातला एक प्रसंग आपल्या सर्वांच्या मनात कोरलेला आहे. त्यातल्या जब्या या मुलाचे कुटुंब काठीला बांधलेले डुक्कर खांद्यावरून नेत आहे आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्यासारख्या महापुरुषांची आणि महामातांची चित्रे आहेत. दिग्दर्शक नागराज मंजुळे आणि छायाचित्रणकार विक्रम अमलाडी यांनी तो अर्थ रुंदीत मांडला आहे. भिंत, माणसे आणि काठीवरचे ओझे एकाच वेळी दिसते, म्हणूनच आपण हादरतो. तीच चौकट उभी कापली की एक तर भिंत जाते, नाहीतर ओझे जाते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा मागे, स्थिर उभा राहतो. वकील बोलत असतो आणि त्याच वेळी बाकावर आपल्या प्रकरणाची वाट पाहणारी माणसेही आपल्याला दिसत राहतात. न्यायव्यवस्थेबद्दल त्या चित्रपटाचे म्हणणे निम्मेअधिक त्या बाकावरच्या माणसांमध्ये आहे. बोलणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा नेऊन वीस सेकंदांची क्लिप केली, तर संवाद उरतील आणि न्यायालय निघून जाईल.

रुंदीबरोबर काळही कापला जातो. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी असतात, पण त्याचे खरे माप टिकून राहण्यात असते. एखादे दृश्य आपल्याला कंटाळा येण्याच्या सीमेपर्यंत नेते आणि तिथे काहीतरी उमगते. पहिल्या दोन सेकंदांत बोट थांबले नाही तर चित्र वाया गेले, या भीतीने काम करणारा माणूस तिथवर पोहोचत नाही. ‘किल्ला’ हा चित्रपट अविनाश अरुण यांनी दिग्दर्शितही केला आणि चित्रितही. त्यातला पाऊस, समुद्र आणि मुलाचे एकटेपण हळूहळू अंगावर येते, कारण दिग्दर्शक त्यांना वेळ देतो. म्हणून माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे, रील जरूर करा, त्यातून हात चालता राहतो आणि चार पैसेही मिळतात. पण महिन्यातून निदान एक चित्रपट मोठ्या पडद्यावर, फोन बंद ठेवून, शेवटपर्यंत पाहा. लांब पाहण्याची ताकद सरावानेच येते आणि सराव सुटला की जाते.

आता परवानगीबद्दल. पूर्वी स्टुडिओत माणूस स्वतःहून येई, केस विंचरून बसे, आपला फोटो कसा असावा हे थोडेफार त्याच्याही हातात असे. आज अपघातात विव्हळणारा, दुष्काळात टँकरमागे धावणारी, रुग्णालयाच्या दारात कोसळलेला, यांना कोणी विचारत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड होईल असे काही प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे, हे प्रत्येकाला माहीत असलेच पाहिजे. पण कायदा जिथे थांबतो तिथून पुढे आपला विवेक सुरू होतो. वारीतल्या दमलेल्या म्हातारीचा फोटो काढताना तिच्याकडे पाहून हात जोडा, मान हलवून विचारा, जमले तर नाव आणि गाव विचारा. मुंबईच्या सफाई कामगारांवर सुधारक ओलवे यांनी केलेले काम पाहा. गटारात उतरलेला माणूस त्या चित्रांत केवळ दयेचा विषय उरत नाही, कारण छायाचित्रकार त्या माणसांकडे पुन्हा पुन्हा गेला आहे, त्यांच्यात वावरला आहे. असा सहवास एका दिवसाच्या ‘फोटोवॉक’मध्ये मिळत नाही.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण इथे फार मोलाचे आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेलेल्या या बाईंचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. पुढे त्यांनी सत्तांतराच्या काळातली दिल्ली टिपली, आणि १९७० मध्ये, हात चालू असताना, कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यात सभ्यता उरली नाही, हे त्यामागचे एक कारण होते. मोबाइल आणि फेसबुक येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा सगळा दोष यंत्रावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. मात्र जी धक्काबुक्की तेव्हा मूठभर व्यावसायिकांची होती, ती आज प्रत्येक खिशात पोहोचली आहे. म्हणून सभ्यतेचा धडाही आता व्यावसायिकांनीच घालून दिला पाहिजे.

यानंतर येते नाव. फोटोच्या फाइलमध्ये काढणाऱ्याचे नाव, तारीख, कॅमेरा अशी माहिती साठवता येते. बरीचशी समाजमाध्यमे फोटो चढवताना ती काढून टाकतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहानही होतो. चार ग्रुप फिरून आल्यावर ते चित्र अनाथ होते. दर पावसाळ्यात जुन्या पुराचे फोटो नव्या पुराचे म्हणून फिरतात ते त्यामुळेच. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणे, फाइलमध्ये मथळा भरणे, ही बारीक कामे वाटतात, पण सत्याची राखण तिथूनच होते.

कायद्याबद्दलही स्पष्ट बोलते, कारण आपल्यातले बहुसंख्य लोक लग्नाचे आणि ऑर्डरचे काम करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्या छायाचित्राचा कर्ता असतो. पण मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालकी हक्क काम देणाऱ्याचा असतो. नोकरीत असलेल्या वृत्तछायाचित्रकाराबाबतही करार महत्त्वाचा ठरतो. छायाचित्राचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. आणि कलम ५७ प्रमाणे, मालकी दुसऱ्याकडे गेली तरी आपण कर्ता असल्याचे सांगण्याचा आणि कामाची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. हे किती जणांना ठाऊक आहे? तोंडी बोलीवर आणि आगाऊ रकमेवर आपला धंदा चालतो. एका पानाचा, सोप्या मराठीतला करार आपल्या संघटनांनी तयार करून प्रत्येक स्टुडिओत ठेवला, तर निम्मे तंटे होणारच नाहीत. दिवाळी अंकांना आणि वृत्तपत्रांनाही माझी विनंती आहे की लेखकाइतक्याच ठळकपणे छायाचित्रकाराचे नाव छापा. ‘फोटो : इंटरनेट’ असे लिहून भागवू नका.

आणि सर्वांत शेवटी जतन. याबाबत सिनेमाने आपल्याला फार कठोर धडा दिला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ आज आपल्याकडे संपूर्ण नाही. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते, दमट हवेत कुजते, आणि कितीतरी रिळे तर चांदी काढण्यासाठी विकली गेली. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून गोदामांतून, घरांतून, टुरिंग टॉकीजवाल्यांकडून चित्रपट गोळा केले. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आज आपण पाहू शकतो, तो त्यांच्या चिकाटीमुळे. तरीही जानेवारी २००३ मधल्या आगीत पुण्यातलीच नायट्रेट रिळे जळून गेली.

ज्या पिढीने रिळे चांदीसाठी विकली, तिला ती मौल्यवान आहेत हे कळले नव्हते. आपल्याला कळते आहे, तरी आपण आपले काम परक्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून निश्चिंत आहोत. समाजमाध्यम हा संग्रह नव्हे. खाते बंद पडू शकते, कंपनी धोरण बदलू शकते, आणि तिथे असलेली प्रत मूळ आकाराची नसतेच. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या जागी हवी. महत्त्वाच्या कामाचे कागदावर प्रिंट हवे. होमाईबाईंनी आपला संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला म्हणून पुढच्या पिढ्यांना तो मिळणार आहे. आपल्या तालुक्यांतले जुने स्टुडिओ मात्र एकेक करून बंद होत आहेत. त्यांच्या माळ्यांवर काचेच्या निगेटिव्ह आहेत, खाटेखालच्या पेट्यांत गावची शंभर वर्षे आहेत: पहिली एसटी, धरणात गेलेली गावे, तालमीतले पहिलवान, शाळेची पहिली मुलींची तुकडी. भंगारवाल्याकडे जाण्याआधी हा ठेवा वाचवायचा तर शासनाची एखादी योजना येण्याची वाट पाहता येणार नाही.

यंत्राने बनवलेल्या चित्रांचा विषयही याच सूत्रात बसतो. आज कोणीही कुठेही न जाता हवे ते चित्र संगणकाकडून करून घेऊ शकतो. त्याची भीती मला वाटते, पण त्याहून अधिक आपल्या कामाचे मर्म त्यामुळे मला स्पष्ट दिसते. १९१९ च्या हत्याकांडानंतर मुंबईचे नारायण विनायक विरकर जालियनवाला बागेत गेले आणि त्यांनी भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. ती छायाचित्रे पुरावा ठरतात, कारण एक माणूस तिथे जाऊन उभा राहिला आणि त्याने आपल्या नावाने साक्ष दिली. चित्र बनवणारे यंत्र साक्ष देऊ शकत नाही. जो तिथे होता, ज्याने विचारले, ज्याने निवडले, ज्याने नाव लिहिले आणि जो उद्याही उत्तर द्यायला हजर आहे, अशा छायाचित्रकाराची गरज येत्या काळात वाढणारच आहे.

म्हणून या संमेलनाने तीन ठराव करावेत असे मी सुचवते. पहिला, मराठीतला नमुना करार तयार करून सर्व सभासदांना द्यावा. दुसरा, प्रत्येक जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाशी बोलून तिथे जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह आणि छायाचित्रांसाठी जागा मिळवावी, आणि स्कॅनिंगचे काम आपल्यातल्या जाणकारांनी वाटून घ्यावे. तिसरा, आपल्या नावाने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चित्रासोबत स्थळ, तारीख, कर्त्याचे आणि मदतनिसांचे नाव देण्याची शिस्त आपण सर्वांनी पाळावी. या तिन्हींपैकी एकालाही मोठा निधी लागत नाही, चिकाटी मात्र लागते, आणि ती आपल्या व्यवसायाच्या अंगात आहे.

संमेलन संपवून आपण आपापल्या गावी जाल, तेव्हा सुरुवात आपल्याच कपाटापासून करा. त्यातल्या चित्रांत कोण आहे हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आपल्यात आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा, नावे विचारा आणि लिहून घ्या. नंतर हवे तर ते चित्र साऱ्या जगाला दाखवा, आणि अभिमानाने दाखवा.